पुन्हाबाईंच्या पडद्यावरची जुळी

बाईंचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. अख्ख्या हॉस्पिटलात त्यांना पुन्हाबाई म्हणत. कारण अगदी साधं. गरोदर बाईच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब फिरवता फिरवता त्या मध्येच थांबायच्या, पडद्याकडे डोळे बारीक करून बघायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा." की मग त्या बिचारीनं कूस बदलायची, नाहीतर उठून कॉरिडॉरमधून एक चक्कर मारून यायची, पाणी प्यायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. दुसऱ्या ठिकाणी जे काम चहा गार व्हायच्या आत उरकतं, त्याला इथं अर्धी सकाळ लागायची. बाहेर बाकावर बसलेल्या बायका चरफडायच्या, पण आत जाऊन बोलायची छाती कोणाची होत नसे, कारण बाईंचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

त्यात दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला. "आत बोलू नये." नातेवाईक एकच, तोही तोंड मिटून. का, तर बाई म्हणायच्या, "तुम्ही बोललात की पेशंट उत्तर देणार, पेशंट बोलली की पोट हलणार, पोट हललं की माझं चित्र हलणार. गप्पा मारायला बाहेर बाक आहे." एकदा म्हणे एका सासरेबुवांना नुसतं खोकले म्हणून बाहेर घालवलं होतं. खरंखोटं देव जाणे, पण ऐकणाऱ्याला खरं वाटावं अशीच बाईंची कीर्ती होती.

ही पुन्हाची सवय त्यांना लागली ती आईकडून. आई घरी शिवणकाम करायची, आणि लहानपणी बाई तिच्या मशीनखाली बसून पडलेल्या टाचण्या गोळा करायच्या. एकदा आईनं दोन कापडं समोर धरून विचारलं, "ही शिवलेली आहेत, की नुसती एकावर एक पडलीत?" पोरीनं नीट निरखून सांगितलं, शिवलेली. आईनं एक कापड ओढलं, ते अलगद सुटून आलं. "अगं, बघून कळत नाही," आई म्हणाली, "हलवून बघायचं." पुढं पोरगी डॉक्टर झाली, पोटातली बाळं बघणारी डॉक्टर झाली, केस पिकले, पण ते कापड काही डोक्यातून गेलं नाही.

आणि जोडलेली जुळी ओळखायची असतील तर पहिली परीक्षा तीच आहे, बघा. एकाच बीजाची दोन बाळं व्हायची असतात, पण ती वेगळी होण्याची क्रिया उशिरा सुरू होते आणि अर्ध्यावर राहते. मग बाळं कुठंतरी जोडलेलीच वाढतात. हा प्रकार इतका क्वचित, की कित्येक डॉक्टरांना सगळ्या नोकरीत तो एकदाही दिसत नाही. उलट एकाच पिशवीत नुसती बिलगून बसलेली धडधाकट जुळी जोडलेली वाटू शकतात. म्हणून आईला चालायला लावायचं, कुशीवर वळवायचं, वाट बघायची. एक बाळ सरकलं आणि दुसरं जागच्या जागी राहिलं तर ती नुसती शेजारी. पण एक हललं की दुसरं ओढलं जात असेल, दोघांच्या मध्ये पडदा नसेल, एकाची कातडी सरळ दुसऱ्यात जात असेल, तर मात्र शिवण आहे.

शिवण सापडली म्हणजे काम संपलं असं नव्हे. खरं काम तिथून सुरू. ती शिवण कुठं आहे? छातीला, पोटाला, कमरेला की डोक्याला? पुस्तकांत या प्रत्येक प्रकाराला लांबलचक नाव आहे, जीभ वळता वळत नाही असं. पण नावापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच असतो. दोघांत मिळून काय काय एकच आहे? कातडी एक असेल तर सर्जन हसत काम करतो. यकृत एक असेल तर घाम गाळून करतो. हृदय एक असेल तर हात टेकतो.

ही गोष्ट त्या शेवटच्या प्रश्नाची आहे.

एका सोमवारी बाईंच्या खोलीत एक बस ड्रायव्हर आली. म्हणजे बस चालवणारी बाई. मनगटं दणकट, बोलणं थोडकं, पाचव्या महिन्याचं पोट. हातात मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी. मोठे डॉक्टर म्हणजे विभागाचे प्रमुख, बाईंच्या बरोबरीचे, भला माणूस. त्यांनी आधीच तपासून निदान केलं होतं: जुळी, समोरासमोर, छातीला जोडलेली, हृदय एक. दोन बाळांच्या छातीवरून ठोक्यांच्या दोन पट्ट्या काढल्या होत्या, आणि दोन्हींचा वेग तंतोतंत सारखा होता. बाईंनी फक्त एकदा बघून दुजोरा द्यायचा होता. शुक्रवारी सगळ्या डॉक्टरांची बैठक, त्यात नवराबायकोला सगळं सांगायचं. त्यापुढं फार थांबण्यासारखं नव्हतं, गर्भ ठेवायचा की नाही ते लवकर ठरवायला हवं होतं.

ड्रायव्हरीणबाईंबरोबर नवरा आला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, विसाव्या मजल्यावर दोरखंडाला लटकून काम करायचा, पण पडद्यावर बाळं दिसताच तो भिंतीला टेकून खालीच बसला. त्याला बाहेर नेऊन पाणी पाजलं. मग त्याच्या जागी त्याची बहीण आत आली. म्हणजे पेशंटची नणंद. आणि ही नणंद म्हणजे काय विचारता! वीज खात्यात लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायची तिची नोकरी. दिवसभर परक्यांच्या शिव्या गोड शब्दांत परतवायच्या, त्यामुळं तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. आत पाऊल टाकताच तिनं सुरुवात केली, "मॅडम, ही खुर्ची किती खाली आहे हो, माझी वहिनी उंच आहे, तिला..."

"पाटी वाचलीत?" बाईंनी मान न वळवता विचारलं.

"वाचली. अक्षर छान आहे."

"मग बाहेर."

नणंद बाहेर गेली. दाराच्या काचेतून मात्र बघत राहिली.

बाईंनी त्या दिवशी ड्रायव्हरीणबाईंना कॉरिडॉरमधून किती फेऱ्या मारायला लावल्या ते विचारू नका. डावी कूस, उजवी कूस, उताणी, पुन्हा चाल. शिवणीबद्दल शंका राहिली नाही. एक बाळ पाय झाडी आणि दुसऱ्याचं अंग हले. दोघं तोंडाला तोंड लावून, मान मागं टाकून, कधीच पाठ फिरवत नव्हती. पण हृदयापाशी घोडं अडलं. दोन छात्या इतक्या जवळ, की मध्ये एकच काळपट गोळा धडधडताना दिसे. बाईंनी एका बाजूनं ठोके मोजले, मग दुसऱ्या बाजूनं. वेग सारखाच. मोठे डॉक्टर म्हणाले होते तसाच.

पोटावरचं जेल पुसता पुसता ड्रायव्हरीणबाईंनी विचारलं, "एक की दोन?"

"अजून माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"मोठे डॉक्टर म्हणतात एक."

"ते म्हणतात. मी अजून म्हटलेलं नाही."

ड्रायव्हरीणबाई उठून बसल्या. चपला पायांत सरकवल्या. मग म्हणाल्या, "बाई, मला गोड बोलून काही सांगू नका. हृदय एकच असेल तर कोणी त्यांना वेगळं करू शकणार नाही, हे मला समजलंय. मग मी हे इथंच थांबवीन. रडायचं तेवढं रडेन, आणि परत बसवर जाईन. दोन असतील तर मात्र शेवटपर्यंत लढीन, कोणी काही म्हणो. पण मला 'बहुतेक' नको. 'बहुतेक' ऐकून मी माझ्या लेकरांचा निकाल लावणार नाही."

बाईंना ती बाई त्याच क्षणी आवडली. पण "बुधवारी या," एवढंच म्हणाल्या.

बुधवारीही तेच. तोच गोळा, तोच सारखा वेग. संध्याकाळी मोठे डॉक्टर त्यांच्या खोलीत आले, स्टूल ओढून बसले. "अहो, आता पुरे," ते म्हणाले. "तिला सारखं बोलवताय, सारखं चालवताय. तिला वाटणार, बाई काहीतरी चांगलं शोधतायत. कशाला उगाच आशा लावता?"

"आशा मी लावत नाही. मी बघते."

"दोन पट्ट्या, एक वेग. आणखी काय बघायचंय?"

"दोन घड्याळं एकाच वेगानं चालू शकत नाहीत का?"

"शकतात की," मोठे डॉक्टर शांतपणे म्हणाले. "पण तुम्हाला दोन घड्याळं दिसली का?"

बाईंनी यंत्र बंद केलं.  त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. खऱ्याचा छडा लावणारा माणूस आणि हट्टाला पेटलेला माणूस वरून सारखेच दिसतात, आणि आपण त्यांतले नेमके कोण, हे त्यांना कळेना. ती उंच, थोडकं बोलणारी बाई आपल्या भरवशावर थांबली आहे आणि आपण फक्त आपला हेका चालवतोय की काय, हा विचार पाठ सोडेना. शुक्रवारी सकाळी शेवटचं बघायचं आणि एक असेल तर एक असं स्वच्छ लिहून द्यायचं, हे मात्र त्यांनी ठरवून टाकलं.

शुक्रवारी ड्रायव्हरीणबाई गणवेशातच आल्या, बैठकीनंतर पगारी रजेचं बोलायला डेपोत जायचं होतं म्हणून. नवरा बाहेर बाकावर, हात गुडघ्यांत. नणंदेनं दारातच स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून दाखवलं, आणि बाईंनी काय मनात आलं कोण जाणे, तिला आत येऊ दिलं. कोपऱ्यात उभी केली. दिवा मालवला.

चाल झाली. कूस झाली. पाणी झालं. बाईंनी प्रोब ठेवला, एका बाजूनं वेग घेतला, दुसऱ्या बाजूनं घेतला. सारखा. खोलीत यंत्राच्या पंख्याचाच काय तो आवाज. ड्रायव्हरीणबाई श्वास रोखून छताकडे बघत होत्या. त्या इतक्या स्थिर पडायला शिकल्या होत्या, की पोटावर पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता. बाई थांबल्या. त्यांचा हात जेल पुसायच्या कागदाकडे गेला.

तो हात बघून ड्रायव्हरीणबाईंना सगळं समजलं. डोळ्यांच्या कडेनं एकच थेंब कानापर्यंत गेला. आणि ते मात्र कोपऱ्यातल्या नणंदेला बघवलं नाही. इतका वेळ कोंडून ठेवलेलं तोंड, ते फुटलंच.

"वहिनी, एक सांगू? ही दोघं थेट तुझ्यावर गेलीत. बघ ना कशी समोरासमोर येऊन उभी राहिलीत, आणि गाडी मागं घ्यायला एकही तयार नाही! अगदी तू आणि तो कचऱ्याचा ट्रकवाला!"

आता हे काही हसायचं ठिकाण नव्हतं. पण तो ट्रकवाला सगळ्या डेपोत गाजलेला होता. अरुंद गल्लीत ड्रायव्हरीणबाई आणि तो तासभर एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले होते, शेवटी प्रवासीच उतरून चालत गेले. ड्रायव्हरीणबाईंना रडता रडता हसू फुटलं. साधंसुधं नाही, पोट गदागदा हलवणारं.

"गप्प!" बाई कडाडल्या. "बाहेर व्हा आधी! चित्र पार हललं माझं..."

आणि तशाच थांबल्या.

पडद्यावर बाळांना चांगलाच हिसका बसला होता. एकानं हातपाय झाडले. आणि त्या काळपट गोळ्याचा डावा भाग धावायला लागला, उगाच दचकलेल्या माणसाचं काळीज धावतं तसा. उजवा भाग मात्र आपल्या जुन्याच चालीनं चालला होता, जसं काही झालंच नाही. दोघांच्या मधली चाल चुकली, आणि चाल चुकली म्हणूनच दोघं वेगळी दिसली. क्षणभरच. मग डावं शांत झालं आणि पुन्हा एकच गोळा.

नणंद दाराच्या कडीला हात घालून उभी होती. बाईंचा आवाज आला, वेगळाच.

"पुन्हा."

"काय पुन्हा?"

"हसवा तिला. पुन्हा."

"अहो मॅडम, आता असं ऑर्डरवर कसं सुचणार? दिवसभर गप्प बस, गप्प बस, आणि आता म्हणे..." आणि नणंदेचा तो रडवेला चेहरा बघून ड्रायव्हरीणबाईंना पहिल्यापेक्षा दुप्पट हसू आलं.

या वेळी बाई तयार होत्या. हात दगडासारखा स्थिर, डोळ्यांत तेल घालून बसलेल्या. डावं धावलं, उजवं चाललं. त्यांनी तेवढ्यात दोन्हींचे ठोके एकाच वेळी पकडले, चित्र थांबवलं आणि त्या फटीच्या मागं लागल्या. आता कुठं बघायचं ते कळलं होतं. दोघांच्या मध्ये एक बारीक पांढरी रेघ होती, इतके दिवस ती दोघांच्या एकसारख्या धडधडीत बुडून गेली होती. रेघेच्या अलीकडे एक हृदय, चार कप्प्यांचं. पलीकडे दुसरं, चार कप्प्यांचं. शिवण सुरू होत होती ती त्याच्या खाली, छातीचं हाड संपतं तिथून, आणि बेंबीपर्यंत जात होती. आत यकृत मात्र दोघांना मिळून एकच.

फोन वाजत होता. बैठक खोळंबली होती. बाईंनी फोन उचलला आणि म्हणाल्या, "बैठक वर नको. मोठ्या डॉक्टरांना खाली पाठवा."

मोठे डॉक्टर जरा तणतणतच आले. स्टुलावर बसले. बाईंनी सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग नणंदेकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "तुम्हीच का त्या? जरा हसवा बघू पुन्हा."

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "दोन बाजूंनी गेलो, पण पोचलो एकाच हृदयावर. मी एकच हृदय दोनदा मोजलं. चूक झाली माझी."

"माझीही," बाई म्हणाल्या. "दोन दिवस तीच चूक. आणि वर हिला इतकं निपचित पडायला शिकवलं, की बाळंही निपचित पडली."

मग त्या ड्रायव्हरीणबाईंकडे वळल्या. "नीट ऐक. हृदयं दोन आहेत. यकृत एक आहे. यकृत वाटता येतं, पण ते सोपं नाही, आणि सर्जन काय म्हणतील ते मी आज सांगू शकत नाही. जगतीलच असं मी कबूल करत नाही. पण दोन आहेत. 'बहुतेक' नाही. आहेत."

ड्रायव्हरीणबाईंनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली, जणू गाडी सुटायची वेळ झाली. "मग लढायचं," त्या म्हणाल्या, आणि बाहेर जाऊन नवऱ्याच्या शेजारी बाकावर बसल्या. काचेतून बाईंना दिसलं, त्यानं आधी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मग लहान पोरासारखा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

पुढचे महिने काही सोपे गेले नाहीत. ड्रायव्हरीणबाई येत राहिल्या, नणंद येत राहिली, आणि दारावरचा कागद तसाच असला तरी तो नणंदेला लागू नाही हे सगळ्या बाकाला कळून चुकलं. बाळांचे सर्जन खाली येऊन बाईंच्या शेजारी बसून शिवणीची चित्रं काढून नेत. कुठली रक्तवाहिनी कोणाची, हे बाई त्यांना पुन्हा पुन्हा दाखवत, आणि एकदा तर त्या सर्जननीच 'आता पुरे' म्हणत बाईंसमोर हात जोडले. वेळेआधीच पोट कापून बाळं काढावी लागली. मुली होत्या. त्या वेगळ्या झाल्या तेव्हा ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दिवस मावळला तरी चाललंच होतं. थोरली लवकर सावरली. धाकटी मात्र कित्येक आठवडे श्वासाच्या यंत्रावर होती, आणि त्या दिवसांत ड्रायव्हरीणबाई रोज डेपोतून सरळ वॉर्डात जात.

पुन्हाबाई एकदाही वॉर्डात गेल्या नाहीत. कोणी विचारलं की म्हणत, "पडद्याबाहेरची बाळं माझ्या खात्यात येत नाहीत." सगळे म्हणाले, बाई कोरड्या. खरं म्हणजे त्यांना भीती वाटत होती. 'आहेत' असं त्या म्हणून बसल्या होत्या, आणि त्यांच्या त्या एका शब्दावर एका आईनं सगळं पणाला लावलं होतं. ती धाकटी गेली असती तर तो शब्द त्यांना जन्मभर झोपू देणार नव्हता. म्हणून लिफ्टमध्ये बाळांच्या मजल्याचा आकडा आला की त्या जमिनीकडे बघत.

असं बरेच महिने चाललं. मग एका सकाळी बाई आत एका पेशंटचं बघत होत्या, खोलीत शांतता, आणि बाहेरच्या बाकावर कोणीतरी मोठमोठ्यानं कोंबड्याचा आवाज काढू लागलं. हॉस्पिटलात! बाईंचं डोकं सणकलं. पेशंटला "हलू नको" म्हणून त्या तरातरा उठल्या, जेलचा हात तसाच, आणि धाडकन दार उघडलं.

बाकावर नणंद होती. तिच्या मांडीवर एक मुलगी. शेजारी गणवेशात ड्रायव्हरीणबाई, त्यांच्या मांडीवर दुसरी, जरा बारीक, हडकुळी. दोन मांड्यांवर दोघी. नणंदेनं बाईंना पाहिलं आणि कोंबडा घशातच अडकला.

पण तोवर थोरली खदखदून हसली होती. धाकटीनं आधी बहिणीकडे वळून बघितलं, ही का हसते म्हणून. मग तिचं तिला कारण सापडलं असावं. बहिणीचं संपत आलं तेव्हा कुठं हिचं सुरू झालं, आपल्या वेगळ्याच चालीनं, पोट हलवून.

"सॉरी मॅडम," नणंद पुटपुटली. "पाटी वाचली होती. गप्प बसते."

 बाईंनी जेलचा हात कोटालाच पुसला. नाक लाल झालं होतं, आणि या खेपेला ते रागानं नव्हतं. त्या बाकाच्या टोकाला बसल्या, दोघींकडे तोंड करून.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.